व्हॉल्व्हपासून सातवा स्पोक

परवा देवास गेटपाशी एका माणसाने हात करून मला थांबवलं. चांगला शिकलेला, चष्मेवाला. म्हणाला, "बाबा, तुमच्या मागच्या चाकात आवाज आहे. स्पोक ढिला असेल. समोरच्या दुकानात कसून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"माहीत आहे तर कसत का नाही?"

मी पायडल मारलं आणि निघालो. रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. घरी येऊन लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षराकडे पाहू नका.

मी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. आमच्या या तीर्थाच्या गावात देवास गेटच्या अलीकडे एक गल्ली आहे, तिथे पुढे दुकान आणि मागे घर, मध्ये गोणपाटाचा पडदा. आजोबा दरबाराच्या गाडीखान्यात घोडागाड्यांची चाकं सांभाळायचे. वडील कचेरीत शिपाई झाले आणि चाकांपासून सुटले. मी परत चाकांत आलो.

आवाज शोधायचा तर आधी हात खिशात घालायचे. माझा उस्ताद इथलाच, माळव्याचा माणूस होता. तो म्हणायचा, "पेलां सुण, फेर पानो उठा." म्हणजे आधी ऐक, मग पाना उचल. नवीन मिस्तरी आधी पाना उचलतो आणि जे दिसेल ते कसत सुटतो. मग आवाज जातो, पण कशाने गेला ते त्यालाही कळत नाही, आणि आठ दिवसांनी परत येतो. ऐकायचं ते असं. पायडल थांबवल्यावर आवाज थांबला तर दोष चेनमध्ये किंवा पायडलमध्ये. पायडल थांबलं तरी चाकाच्या दर फेऱ्याला एकदा टिक होत असेल तर दोष चाकात. रिंगच्या आत तुटका निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचा नट, पडला असेल तर चाक हळू फिरवल्यावर खुळखुळ्यासारखा वाजतो. हबमधला छर्रा, म्हणजे बेअरिंगची गोळी, फुटला असेल तर दळल्यासारखी घरघर येते. आणि स्पोक बोटाने छेडून बघायचे. घट्ट असेल तो टिंग करतो, ढिला असेल तो थप करतो. मागच्या चाकात चाळीस स्पोक असतात. चाळीसही छेडायचे, कंटाळा करायचा नाही.

हे सगळं मी उस्तादाकडून शिकलो. पण खरं ऐकायला शिकलो ते बायकोकडून.

देश मोकळा झाला त्या वर्षी आमचं लग्न झालं. ती इंदूरकडची. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, त्यात डोळे गेले होते. एका डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्याने उजेड आणि मोठ्या वस्तूंची सावली. आम्हाला सांगितलं होतं की नजर जरा कमी आहे. लग्नाला चार दिवस झाले होते. खुंटीवर माझा सदरा टांगलेला होता. तिने त्याच्यासमोर उभं राहून विचारलं, "अहो, चहा ठेवू का?" मी मागे पाटावर बसलो होतो. मला हसू आलं नाही, राग आला. फसवलं म्हणून दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं.

तिसऱ्या दिवशी एक दूधवाला चाक वाजतं म्हणून सायकल ठेवून गेला. मी तासभर त्या चाकाशी झटलो. कंटाळून जेवायला आत गेलो तर ती वाढता वाढता म्हणाली, "त्या सायकलच्या पुढच्या मडगार्डची तार चाकाला लागतेय. हँडल डावीकडे वळवलं की लागते. सरळ असताना नाही."

मी म्हटलं, "तू पाहिलंस?"

ती म्हणाली, "मी काय पाहणार?"

मी घास टाकून बाहेर गेलो. हँडल डावीकडे वळवलं. तिथेच होतं. परत येऊन बसलो आणि म्हटलं, "भाजी चांगली झालीये." दोन दिवसांचा अबोला असा सुटला.

गिऱ्हाईक दुकानात असताना घरातल्या बाईने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मग आम्ही आमची एक सोय केली. ती पडद्याआड तांदूळ निवडत नाहीतर वाती वळत बसायची. गिऱ्हाईक सायकल घेऊन गल्लीत शिरलं की ती ऐकायची, आणि तांब्यावर वाटी वाजवायची. एकदा म्हणजे स्पोक. दोनदा म्हणजे छर्रे. तीनदा म्हणजे चाक सोडून दुसरीकडे बघा. मी गंभीर तोंड करून सायकलीभोवती एक चक्कर मारायचो आणि बराबर तिथेच हात घालायचो. गावात नाव झालं की हा मिस्तरी नुसतं बघून सांगतो. नाव माझं झालं. मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि तिनेही नाही.

तिची आणखी एक सवय होती. मी बाहेरून घरी आलो की ती हातातलं टाकून उभी राहायची आणि डोक्यावर पदर घ्यायची. रोज. मी घामाघूम दारात उभा आणि ती अशी अदबीने. मला फार बरं वाटायचं. शेजारच्यांना मी सांगायचो, आमच्या घरात अजून मान आहे.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. त्यात राज्य दोनदा बदललं. आधी संस्थान गेलं आणि मध्य भारत आला. मग तोही गेला, मध्य प्रदेश झाला, आणि राजधानी भोपाळ ठरली. पाट्या रंगवणाऱ्यांचे दिवस आले. माझे मात्र गेले. कारण माझी निम्मी गिऱ्हाइकं कचेऱ्यांतले बाबू, आणि एकेक कचेरी उचलून भोपाळला चालली. बाबू लोक सायकली गोणपाटात बांधून घ्यायला माझ्याकडे यायचे. मी बांधून द्यायचो. आपलीच गिऱ्हाइकं आपल्याच हाताने बांधून पाठवायची.

त्यांत एक बडे बाबू होते. मूळचे महाराष्ट्रातले, नोकरीसाठी इकडे आलेले, फ्रीगंजात टावर चौकाजवळ राहायचे. अंगाने भरदार, अडीच मणाला थोडेच कमी. मनाने चांगले, तोंडाने तिखट. माझी मराठी ऐकली की म्हणायचे, "मिस्तरी, तुमच्याशी बोलून माझं हिंदी फार सुधारलं." पडद्याआड तांब्या वाजला की म्हणायचे, "पूजा चाललीये वाटतं. या घरात फार देवधर्म आहे बुवा."

ते एक दिवस आले आणि म्हणाले, "मिस्तरी, भोपाळला चला. इथे आता कोण उरणार? पंडे आणि यात्रेकरू. ते काय सायकलवर बसून येतात? कचेरीच्या फाटकाला लागून जागा मिळवून देतो. तिथे जिकडेतिकडे बाबूच बाबू असतील."

मी म्हटलं, "घरी विचारतो."

"घरी विचारायचं नसतं, सांगायचं असतं. तुमचं सामान कचेरीच्या ट्रकमध्ये माझ्या सामानाबरोबर टाका. आणि जाण्याआधी माझ्या सायकलचा हा आवाज तेवढा काढा. नव्या राजधानीत मी कुरकुरत जाणार नाही."

मी घरी सांगितलं. ती म्हणाली, "मी नाही येणार."

"का?"

"इथलं बरं आहे."

"इथे काय ठेवलंय? काम चाललं, गिऱ्हाईक चाललं."

"मला तिथलं काही माहीत नाही."

"कुणालाच माहीत नाही. गेल्यावर कळेल."

ती तांदूळ निवडायला लागली. मी पुढे विचारलं नाही. बाईला विचारून घर हलवणारा मी नव्हतो. म्हटलं, "माझं ठरलंय. बाबूंच्या सायकलचा आवाज तेवढा काढतो की निघू. हातातलं काम अर्धं टाकून मी गाव सोडणार नाही." हे मी चारचौघांतही बोललो होतो. ती माझी शेखी होती. तिने ते नीट ऐकून ठेवलं.

आता तो आवाज. बाबू बसून आले की मागून चिर्र-टिक, चिर्र-टिक. सायकल स्टँडवर लावून चाक फिरवलं तर चिडीचूप. मी स्वतः बसून देवास गेटपर्यंत गेलो, आलो, तरी चिडीचूप. बाबू बसले की परत चिर्र-टिक. मला वाटलं सीटच्या स्प्रिंगा. त्या काढून तेल दिलं. नाही. हब उघडून छर्रे नवे घातले. नाही. मडगार्ड काढून पाहिलं, कॅरिअर काढून पाहिलं. चाळीस स्पोक छेडले, एकही थप म्हणाला नाही.

बाबू म्हणाले, "मिस्तरी, मी बसलो तरच रडते. म्हणजे दोष माझ्यातच."

मी म्हटलं, "बाबू, जेवण जरा कमी करून बघा."

"घरीही हेच म्हणतात. तुम्ही मिस्तरी आहात, तुम्ही काही वेगळं सांगा."

आणि पडद्याआडून काहीच येत नव्हतं. मी दोनदा मुद्दाम खाकरलो. तांब्या गप्प. गिऱ्हाईक गेल्यावर आत जाऊन विचारलं, "काय झालं? वाटी हरवली का?"

ती म्हणाली, "सर्दी झालीये. कान भरलेत."

आठ दिवस असे गेले. ट्रक दोन दिवसांवर आला. माझी स्वतःची सायकल मी चाकं काढून बांधून ठेवली होती. घरात पीठ संपलं, म्हणून गहू दळून आणायला तिला न सांगता बाबूंचीच सायकल घेतली. जाताना गहू दोन फेऱ्यांत नेले, कारण कॅरिअर नुकताच बसवला होता आणि माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. येताना पीठ घेतलं ते मात्र एकदमच, मोठं पोतं, दोरीने आवळून. दुपारची वेळ. मी कशात तरी गुंग होतो. गल्लीत वळलो तर मी घरी परतलोय असं समजून तिने आतून हाक मारली, "अहो, बडे बाबू आलेत. दुकानात या."

मी ब्रेक दाबला. गल्लीत बाबू नव्हते. मी होतो आणि पीठ होतं.

पोतं न उतरवता सायकल दोन पावलं ढकलली. चिर्र-टिक. पोतं उतरवलं, ढकलली. चिडीचूप. परत चढवलं. चिर्र-टिक. मग डोक्यात उजेड पडला. हबकडून रिंगकडे जाताना स्पोक एकमेकांवरून जातात. जिथे ते चिकटतात तिथे गंज धरला होता. चाकावर वजन आलं की खालचे स्पोक जरासे सैल पडतात आणि एकमेकांवर घासतात. वजन नाही तर घासणं नाही. मी हडकुळा, माझ्या वजनाने काही होत नव्हतं. जन्मभर मी सायकली रिकाम्या करून तपासत आलो होतो.

हे सगळं मला उभ्या उभ्या कळलं आणि मी खूश झालो. मग दुसरी गोष्ट कळली. तिला आवाज ऐकू येत होता. नुसता ऐकू येत नव्हता, तो बाबूंचा म्हणून पाठ होता.

पोतं खांद्यावर घेऊन आत गेलो. ती उभी होती, डोक्यावर पदर.

मी म्हटलं, "बाबू नाहीत. मी आहे."

तिने पदर सोडला आणि खाली बसली.

"तुझे कान भरले नव्हते."

"नाही."

"दोष कुठे आहे ते ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. स्पोकावर स्पोक घासतोय. सुकलेत ते."

"मग वाटी का नाही वाजवलीस?"

"वाजवली असती तर काम झालं असतं. काम झालं की तुम्ही निघाला असता."

मला राग यायला हवा होता. पण तिचं तोंड असं काही झालं होतं की मी पोतं धरूनच उभा राहिलो. म्हटलं, "भोपाळात असं काय आहे, ज्याला तू इतकी भितेस?"

ती म्हणाली, "तुम्ही इथे बसा माझ्याजवळ, उंबऱ्यात. डोळे मिटा. फक्त थोडा वेळ."

मी बसलो. दुपारी उंबऱ्यात नवराबायको बसलेत म्हणून समोरची बाई बघत असणार, पण मी डोळे मिटले होते. एक सायकल गेली. ती म्हणाली, "पोस्टमन. चेन चाटते गार्डला." दुसरी गेली. "हा भट, नदीच्या राम घाटावरून परत आला. घंटी सैल आहे, दगडावर आपोआप वाजते." मग एक टांगा. घोडा कुठल्या पायावर लंगडतो तेही तिने सांगितलं. तिथून कुठे वळायचं, कुठल्या वळणावर गिरणी, कुठे पाणपोई, घाटाकडे जाताना पायऱ्या कुठून सुरू होतात, हे सगळं तिने आवाजांवरून कसं बसवलंय ते सांगितलं. तिने ते नऊ वर्षांत बसवलं होतं. मी नऊ वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

मग एक सायकल अगदी गपचूप गेली. नुसता हवेचा सूं आवाज.

मी विचारलं, "ही कुणाची?"

"माहीत नाही. ही तुम्ही नीट केलेली. तुम्ही नीट केलेल्या मला ओळखू येत नाहीत."

मी डोळे उघडले.

ती पुढे म्हणाली, "तिथे सगळंच असं असेल. परत सुरुवातीपासून. मी लहान होते तेव्हा केलं, लग्न करून आले तेव्हा केलं. आता तिसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही."

मी विचारलं, "आणि माझी सायकल?"

"तुमची तर सगळ्यांत मुकी. तुम्ही मिस्तरी ना. दारात सावली येते, तुम्ही आहात की कुणी परका, मला कळत नाही. पावलं ओळखते, पण पावलं ऐकू येतात तोवर माणूस आत आलेला असतो. म्हणून उभी राहते आणि पदर घेते. परका असला तर निदान तयार असावं."

नऊ वर्षं मी ज्याला मान समजत होतो तो हा होता. रोज संध्याकाळी माझ्याच घरात मी तिला घाबरवत होतो.

मी उठलो, बाबूंच्या चाकाला जिथे जिथे स्पोक एकमेकांवरून जातात तिथे तेलाचा एकेक थेंब सोडला, फडक्याने पुसला. संध्याकाळी बाबू आले, बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि आले. एक शब्द नाही सायकलचा.

"वा मिस्तरी. काय होतं?"

"स्पोक सुकले होते."

"आठ दिवस लागले हे कळायला?"

"मला आठ लागले. घरात एक दिवस लागला." पडद्याकडे बोट करून सांगितलं. कुणाला हे सांगण्याची ती पहिली वेळ. बाबूंना काय कळलं देव जाणे.

"बरं. सामान बांधलं का?"

"मी येत नाही, बाबू. इथेच बरं आहे."

बाबूंनी सायकल भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "घरी विचारलंत वाटतं."

"विचारलं."

"वाटलंच. या पंड्यांना सायकली शिकवा आता." असं म्हणून हसले, पण जाताना पडद्याकडे तोंड करून त्यांनी नमस्कार केला. तिने आतून तांब्यावर एकदा वाटी वाजवली. बाबू तेवढे हसले नव्हते कधी.

त्या रविवारी मी माझी बांधून ठेवलेली सायकल सोडली, चाकं परत बसवली, आणि निपलची चावी घेऊन मागच्या चाकातला एक स्पोक सैल केला. सगळं शिकलेलं विसरून केलं. एक स्पोक सैल ठेवला तर हळूहळू रिंग वाकडी होते, म्हणून पंधरा दिवसांनी चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा लागतो. ते मी काढत आलो. जास्त सैल केला तर खडखडतो, कमी केला तर वाजत नाही. बरोबर टिक यायला तीनदा चावी फिरवावी लागली. मग बसून गल्लीबाहेर गेलो आणि आलो.

ती चुलीपाशी बसलेली होती. उठली नाही. पदरही घेतला नाही. पाठ माझ्याकडे तशीच ठेवून म्हणाली, "आलात? हात धुवा, पोळ्या होतायत."

त्यापुढे ती कधी माझ्यासाठी उभी राहिली नाही. गिऱ्हाइकं टोमणे मारायची, दुसऱ्यांच्या सायकली मुक्या करतो आणि याची स्वतःची बोलते. बोलू द्या. काम कमी झालं, पण अडलं नाही. शाळामास्तर राहिले, रेल्वेचे लोक राहिले. कधी चावी फिरवताना माझ्या हातून स्पोक जास्त कसला गेला तर ती संध्याकाळी म्हणायची, "आज दम लागलाय का सायकलला? हळू बोलतेय." मी दुसऱ्या दिवशी पाव फेरा सैल करायचो. भांडण झालं की मी सायकल गल्लीच्या तोंडापासून उचलून आणायचो, म्हणजे चाक फिरायला नको. मग ती परत पदर घेऊन उभी राहायची, मुद्दाम.

गेल्या पौषात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी नाही. मी बाहेर औषधाला गेलो होतो. परत आलो तेव्हा शेजारीण दारात होती. तिने सांगितलं की गल्लीत टिक ऐकू आली तेव्हा ती अंथरुणातून म्हणाली, "आले." त्यानंतर काही बोलली नाही.

तेरावं झालं आणि मी चावी घेतली. म्हटलं, आता कुणासाठी ठेवायचा? स्पोक कसला. चाक सरळ केलं, असं सरळ की उस्तादाने पाठ थोपटली असती. राम घाटावर जाऊन आलो. सायकल लोण्यासारखी चालली. गल्लीत आलो, दारात आलो, आणि आत जाता येईना. माझ्याच दारात मी परका उभा असल्यासारखं झालं. मग चावी आणली आणि तिथेच उंबऱ्यात बसून, ती बसली होती त्या जागी, स्पोक परत सैल केला. तीनदा फिरवावी लागली.

तर त्या चष्मेवाल्याला हे उत्तर आहे. आणि माझ्यामागे ही सायकल ज्याच्या हाती जाईल त्यालाही सांगून ठेवतो. मागच्या चाकात, व्हॉल्व्हपासून उजवीकडे मोजत जा, सातवा. चाकाचा आऊट पंधरा दिवसांनी काढत जा. त्या स्पोकाला मात्र हात लावू नका.